मास्तरांच्या चौकटीतल्या चार कोऱ्या ओळी

मास्तर, उद्या शनिवार आहे आणि मला भीती वाटते आहे.

हे वाक्य मी आजवर एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. मामलेदार कचेरीसमोर पोलिसाची काठी डोक्यापासून वीतभर वर थांबली होती, तेव्हाही लिहिलं नाही. पत्रकात भीती नसते. पत्रकात 'जाहीर निषेध' असतो, 'खबरदार' असतं, शेवटी तीन उद्गारचिन्हं असतात. तुम्ही एकदा माझ्या पत्रकाचं प्रूफ हातात घेऊन म्हणाला होतात, "अरे, तीन कशाला? मी पहिल्यालाच दचकलो की."

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं झाली, मागे कोण कोण आहे, हे सगळं अण्णांनी पहिल्या पानावर दिलं आहे. संपादक आहेत, त्यांनी द्यायलाच हवं. मला ते लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते अर्धवट टाकून तुम्ही मंगळवारी गेलात. त्या भांडणात मी एक खोटं बोललो होतो. ते फक्त तुम्हाला माहीत होतं आणि मला. आता एकट्या मला माहीत आहे, आणि ते एकट्याने सांभाळायचं म्हणजे काय, हे या चार दिवसांत कळलं. कुणी मागून हाक मारली की वाटतं, यालाही कळलं.

शनिवारचा बाक ज्यांनी पाहिला नाही त्यांना आधी सांगतो. मी चुकलो तर तुम्ही नेहमीसारखे मध्येच हात वर करा.

आपलं साप्ताहिक शनिवारी सकाळी निघतं आणि आतल्या पानावर तुमचं सिनेमाचं परीक्षण असतं. असायचं. श्रीरामपुरात असे लेख वाचायला मिळतात, पुण्या-मुंबईत तर ढीगभर. पण लिहून झाल्यावर दहाच्या ठोक्याला छापखान्याबाहेरच्या बाकावर येऊन बसणारा, ज्याला पटलं नाही त्याने यावं आणि तोंडावर भांडावं असं म्हणणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही. तुम्ही, मिशनच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवणारे, बाकाच्या डाव्या टोकाला बसायचात. उजवं टोक भांडणाऱ्याचं. बाकीचे उभे. बाजारातले हमाल, एस्टीचे कंडक्टर, दोन-तीन मास्तर, चर्चच्या गायनातल्या मुली, साखर कारखान्यातून पाळी संपवून सायकलवर आलेले कामगार.

नियम एकच होता. पिक्चर न पाहिलेल्याने बोलायचं नाही. तुम्ही प्रत्येकाला विचारायचात, "पाहिला?" तो म्हणायचा, "पाहिला." "मग बोल." संपलं. तिकीट दाखव म्हणाला नाहीत, गोष्ट सांग म्हणाला नाहीत. माणसाच्या शब्दावर सगळा कारभार.

आणि भांडणात तुम्ही हरलात, तर तुम्ही हरलात हे तुम्हीच ठरवायचात! पुढच्या अंकात काळ्या रुळाची, म्हणजे जाड रेघेची, चौकट यायची, वर मथळा: 'या आठवड्याची हार'. त्यात तुम्ही कशात चुकलात ते लिहायचात, आणि खाली चार ओळी जिंकलेल्याच्या, त्याच्याच शब्दांत. रंगनाथ हमालाच्या पहिल्या चार ओळी मला पाठ आहेत. तुम्ही कुठल्याशा मारामारीच्या पिक्चरमधल्या नायकाला 'ताकदवान' लिहिलं होतं. रंगनाथ बाकावर टेकलासुद्धा नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "मास्तर, दिवसाला शंभर पोती उचलतो मी. तुमी कधी उचलून बघितलंय का?" तुम्ही नाही म्हणालात. मग अंकात आलं: "पोतं उचलताना आदी गुडगा वाकतो. हिरोचा वाकला न्हाई. पोत्यात भुसा हुता. मास्तरानं बगाया पायजे हुतं." अण्णा भाषा सुधारायला निघाले होते. तुम्ही एक अक्षर बदलू दिलं नाहीत.

मी तुम्हाला त्या दिवसांत विचारलं होतं, "दर आठवड्याला हरता, लाज नाही वाटत?"

"लाज नाही वाटत. भीती वाटते. शनिवारी सकाळी चहा घशाखाली उतरत नाही."

"कशाची भीती?"

"दोन तास डोळे उघडे ठेवून मी आंधळ्यासारखा बसलो होतो, हे आज कुणीतरी दाखवून देईल याची."

"मग येता कशाला?"

"न येऊन कसं चालेल? मग मला कळायचं कसं?"

मला ते तेव्हा कचखाऊपणाचं वाटलं. एकवीस वर्षांचा होतो, बावीस लागायचं होतं. भिणारा माणूस चळवळीच्या कामाचा नाही, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. वही अजून आहे.

मग हा दुष्काळ आला. काष्टीला आमच्या घरापुढचं लिंबाचं झाड तेवढं हिरवं राहिलं, बाकी सगळं भाजलं. इकडे कालव्याच्या तोंडाशीही पाण्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली. मी पत्रकांमागून पत्रकं काढली. दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीत अळ्या, हजेरीच्या मस्टरवर खोटे अंगठे, तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि साहेबांची जीप धुवायला टँकर. त्यातलं प्रत्येक अक्षर मी डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं, हे तरी कुणी नाकारू नये. तुम्हीही नाकारलं नाहीत. उलट माझी प्रूफं फुकट तपासून दिलीत.

एका दुपारी स्टेशनजवळच्या हॉटेलात मी तुम्हाला छाती काढून सांगितलं, "मास्तर, मी शपथ घेतलीय. दुष्काळ सरेपर्यंत थिएटरची पायरी चढणार नाही."

तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "चांगलं आहे. मग तोवर बाकावर नुसतं ऐकायचं."

त्या टेबलावर आपण दोघेच होतो. ही गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी.

विहिरीचा पिक्चर आला तो त्यानंतर. नाव घेत नाही, गावात सगळे त्याला विहिरीचाच पिक्चर म्हणतात. भाऊ बहिणीच्या लग्नासाठी विहीर खणतो, पाणी लागत नाही, बहीण त्या विहिरीत जाते, आणि तिला बाहेर काढताना पाणी लागतं. पाच आठवडे उतरला नाही. मिरजगाव, कर्जत, श्रीगोंद्याकडून इकडे कामाला आलेली माणसं दोन-दोनदा बसली. बायका पदर तोंडात कोंबून बाहेर पडत होत्या.

आणि तुम्ही लिहिलंत: "विहिरीला पाणी लागते ते गाण्याच्या सोयीने. सहा महिने खणणाऱ्या नायकाच्या तळहाताला एक घट्टा नाही. हा दुष्काळ रंगवलेला आहे आणि त्यावर वाहणारे अश्रू आपल्याकडून उसने घेतलेले आहेत."

तुमच्या नावाने पत्रांचा पाऊस पडला. अण्णा पिशवीतून काढून टेबलावर टाकत होते आणि तुम्ही वाचत होतात. एक मला आठवतं, वहीच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं: "मास्तर, आमचं रडू उसनं नाही, आमच्याकडे तेच भरपूर आहे." ते तुम्ही खिशात घातलंत.

मी काय केलं? मी बाजारात गेलो. रंगनाथ पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. त्याची बायको तिकडे मिरजगावला खडी फोडायला, हा इथे ओझी उचलायला. तो मला पिक्चर सांगायला लागला आणि सांगता सांगता रडला. एवढा दांडगा गडी! "ती पोर विहिरीत पडती आन् मंग पानी लागतं रं," तो म्हणाला. "माझी बाई तिकडं फोडती दगडं. तिला काय लागायचं?" माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: 'मास्तर, तुमची विहीर भरलेली आहे!!!' ज्याच्या घरात नळ सुटतो त्याने तहानेची परीक्षा घेऊ नये, असं त्यात होतं. गोरगरिबांच्या अश्रूंना खोटं म्हणणारा, पंख्याखाली बसून लिहिणारा, असं होतं. त्यात पिक्चरबद्दलही बारा ओळी होत्या. त्या बाराही ओळी रंगनाथच्या तोंडच्या. मी पाहिलेलं त्यात काही नव्हतं.

सुकडीतली अळी मी डोळ्यांनी पाहिली होती. पिक्चर पाहिला नव्हता. एवढाच फरक, आणि मला तो फरक वाटला नाही, मास्तर. बाजू बरोबर असली की बाकीचं चालतं, असं मी धरून चाललो होतो.

त्या शनिवारी बाकाभोवती शंभरावर माणूस. माझं पत्रक प्रत्येकाच्या हातात. तुम्ही डाव्या टोकाला बसला होतात, टोपी मांडीवर. मी उजव्या टोकाला बसलो. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि नेहमीच्याच आवाजात विचारलंत,

"पाहिला?"

हॉटेलातला चहा मला आठवला. तुम्हालाही आठवला होता, हे मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं. 'नाही' म्हणालो असतो तर नियमाप्रमाणे उठावं लागलं असतं. शंभर माणसांसमोर, माझंच पत्रक हातात धरलेल्या माणसांसमोर. मागून रंगनाथ म्हणाला, "बोल की रं भावा, लाजतूस काय!"

मी म्हणालो, "पाहिला."

त्या क्षणी तुम्ही मला संपवू शकला असतात. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही टोपीची कड चाचपलीत आणि म्हणालात, "मग बोल."

मी बोललो. काय बोललो! पत्रकातलं सगळं, वर आणखी. टाळ्या पडल्या. कुणीतरी छापखान्याच्या भिंतीवर खडूने 'मास्तर हरला' लिहिलं. कुणी ओरडलं, "कॉलम बंद करा!" मी त्यांना थांबवलं नाही. तुम्ही उठून टोपी घातलीत आणि गर्दीतून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तो हात कसला होता, हे मी त्या दिवसापासून ठरवतो आहे. कधी वाटतं शाबासकी. कधी वाटतं, 'मला माहीत आहे'. पहाटे जाग येते तेव्हा दुसरंच वाटतं.

अण्णा घाबरले. वर्गणीदार जातील म्हणून दोन आठवडे कॉलम थांबवा म्हणाले. मागचा शनिवार बाक रिकामा गेला. मी रस्त्याच्या पलीकडून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पानाच्या दुकानाआड उभा राहिलो. आणि मंगळवारी तुम्हाला शाळेत फळ्यासमोर छातीत कळ आली.

माती द्यायला सगळा बाक आला होता. रंगनाथ ख्रिस्ती कब्रस्तानात पहिल्यांदाच आलेला, माझ्या कानाशी म्हणाला, "हितं हात जोडायचे का रं? चालतं का?" मी म्हणालो चालतं. तो हात जोडून उभा राहिला आणि मग इतक्या हळू बोलला की मी न ऐकल्यासारखं केलं: "लई बोललो आपन. म्हातारा आपल्या बोलण्यानंच तर न्हाई ना गेला?"

मास्तर, हे 'आपण' मला झोपू देत नाही. तो पिक्चर पाहून बोलला होता. त्याला तो हक्क होता.

नंतर तुमच्या घरी गेलो. ओसरीला टँकरच्या पाण्याचे हंडे ओळीने झाकून ठेवलेले, नळाच्या तोटीवर कोळ्याचं जाळं. मी ते जाळं पाहत उभा राहिलो. माझं पत्रक त्या नळाबद्दल बोललं होतं! बाई, तुमच्या पत्नी, बाहेर आल्या, म्हणाल्या, "तूच ना पत्रकवाला? ये, आत ये. तुझं नाव घ्यायचे ते."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, पोरगं भिऊन पळत नाही. एक दिवस चांगलं भांडेल."

मला त्यांनी पाणी दिलं. टँकरचं. प्यायलो. तुम्ही त्यांना सांगितलं होतं का? एवढं मला कळायला हवं होतं. मी विचारू शकलो नाही.

काल गुरुवारी अण्णांनी बोलावलं. टेबलापाशी नेऊन छपाईच्या खिळ्यांची एक चौकट दाखवली, दोऱ्याने बांधून ठेवलेली. म्हणाले, "मी कॉलम बंद ठेव म्हटलं तरी सोमवारी येऊन बसला. स्वतःच्या हातानं जुळवलं आणि म्हणाला, शनिवारी लावा. मी वाचलेलं नाही. माझ्यानं होत नाही. तू प्रूफ काढ."

वरचा मथळा उलट्या खिळ्यांतही ओळखू आला. 'या आठवड्याची हार'. पुढे मी नजर जाऊच दिली नाही. चार वर्षं छापखान्यात ऊठबस करणारा माणूस उलटं सहज वाचतो, मास्तर, तुम्हीच शिकवलंत. मी डोळे फिरवले. तुम्ही लिहिलं असेल की हा पोरगा पिक्चर न पाहता बोलला, तर मी संपलो. माझी सुकडी संपली, माझे खोटे अंगठे संपले, उद्या मामलेदार म्हणेल, हा न पाहता लिहितो. आणि तसं लिहिलं नसेल तर? तर खोट्यापुढे तुम्ही हार मानलीत, आणि ते तुमच्या नावाने, तुमच्या चौकटीत कायमचं छापलं जाणार. मला कशाची जास्त भीती होती ते खरं सांगतो. आधी पहिल्याची. प्रूफ न काढता बाहेर पडलो.

आणि पाय थिएटरकडे गेले. तीनचा खेळ. पायरी चढलो. खाली, लोकांत बसलो.

तुमचं बरोबर आहे. विहीर खोटी आहे. तळहात मऊ आहेत. पाणी गाण्याच्या वेळेवर येतं, एक क्षण इकडेतिकडे नाही. आणि मास्तर, मी रडलो. खोटी आहे हे दिसत असताना रडलो, शेजारचा म्हातारा रडत होता म्हणून रडलो, तुमच्यासाठी रडलो असेन, मला वेगळं करता येत नाही. पण एक गोष्ट तुम्ही पाहिली नाहीत. पाणी लागतं तेव्हा त्या पोरीला विसरून सगळे गाण्यावर नाचतात ना, तेव्हा मागे डाव्या बाजूला एक म्हातारी आहे. खेड्यातलीच कुणी असणार, पैसे देऊन उभी केलेली. तिच्या हातात भरलेली कळशी येते. ती ओठाला लावत नाही. वळते आणि कोपऱ्यात बांधलेल्या बैलापुढे धरते. कॅमेरा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. तिला तसं करायला कुणी सांगितलं नसणार. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढा दुष्काळ खरा आहे!

मी खुर्चीतून उठलोच. ओठांवर आलं, 'मास्तर, हरलात!' हे सांगायला मी धावत छापखान्याकडे निघालो आणि अर्ध्या रस्त्यात थांबलो. शनिवारी बाकावर सांगण्यासारखं काहीतरी पहिल्यांदा माझ्याजवळ होतं, आणि डाव्या टोकाला कुणी नव्हतं.

आज सकाळी प्रूफ काढलं. तुमचं आहे तसं देतो:

"विहिरीच्या चित्रपटाबाबत मी हरलो. मी पडद्याकडे पाहत बसलो, एकदा मागे वळून लोकांकडे पाहायला हवे होते. रडणे उसने नव्हते. विहीर मात्र खोटीच आहे, ते मी सोडणार नाही. विजेत्या वाचकाने खालच्या चार ओळी नेहमीप्रमाणे आपल्या शब्दांत भराव्यात."

खाली माझं नाव. आणि चार ओळींची जागा कोरी.

मला आधी संताप आला. हा काय न्याय झाला? ओरडायचं होतं तर बाकावर ओरडायचं होतंत! मला सोडून दिलंत की अडकवलंत? तुम्हाला हे विचारायचं आहे आणि विचारता येणार नाही, आणि त्याहून राग याचा येतो की तुम्ही असता तर म्हणाला असतात, "तुला काय वाटतं?"

अण्णांनी विचारलं, "काय टाकायचं त्या जागेत? फूल टाकू या का एखादं, छापील?" मी नको म्हणालो. खिळे जुळवायची काठी हातात घेतली आणि खिळे स्वतः वेचले. दोनदा हातातून सांडले. अण्णांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "लोक तुला सोडायचे नाहीत," ते म्हणाले. मी म्हणालो, माहीत आहे.

चौकट शेजारीच छापली आहे. माझ्या चार ओळी अशा:

"मी पत्रक लिहिले तेव्हा पिक्चर पाहिला नव्हता.
बाकावर मास्तरांनी विचारले तेव्हा खोटे बोललो.
मास्तरांना ते ठाऊक होते.
ही हार माझ्या नावावर लिहावी."

एकही उद्गारचिन्ह नाही. तुम्ही मोजाल म्हणून सांगितलं.

उद्या दहा वाजता मी बाकावर येतो. रंगनाथ पहिला येईल, हातात हा अंक घेऊन, आणि तो काय करेल ते मला माहीत नाही. सकाळचा चहा आत्ताच घशात अडकल्यासारखा वाटतो आहे. म्हातारीच्या कळशीबद्दल मला बोलायचं आहे. डावं टोक तुमचंच, तिथे कुणाला बसू देणार नाही. मी उजव्या टोकाला बसेन. कुणीतरी मला विचारा, "पाहिला?"